चिकटमामाचा जोड

त्या गावात पांढरी मांजर कुणी पाहिली नव्हती. मांजरी होत्या, त्यातल्या काही पांढऱ्याही होत्या, पण आपण पांढऱ्या आहोत हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. तळ्यावर बगळा उतरला की घटकाभरात कावळा होऊन उडायचा, आणि खरे कावळे त्याला आडवे येऊन विचारायचे, "तू कुणाकडचा रे?" हे सगळं गावाबाहेरच्या वीजकेंद्राचं देणं. केंद्राची दोन धुराडी, त्यांच्या पायथ्याशी कोळशाचा डोंगर, आणि त्या डोंगरापासून भट्ट्यांपर्यंत कोळसा वाहून नेणारे रबरी पट्टे. ते पट्टे एकापुढे एक अंथरले असते तर चंद्रावर जाऊन आले असते, आणि उरलेल्या तुकड्यात गावातल्या सगळ्यांच्या चपलांना तळ लागले असते.

पट्टा झिजला, फाटला, की त्याची दोन टोकं पुन्हा जोडावी लागतात. शिवून नाही, खिळे ठोकून नाही; चिकटवून. ते काम करणारा जोडारी म्हणजे चिकटमामा. त्याचं खरं नाव बायकोच्याही लक्षात नसावं. ती 'अहो' म्हणायची आणि तेवढ्यावर तिचा संसार भागायचा. मामा तो नेमका कुणाचा, हे विचारण्यात अर्थ नव्हता. फाटकातून आत येणारा प्रत्येक माणूस त्याला मामा म्हणे. मोठे साहेबसुद्धा म्हणत, आणि मोठे साहेब म्हणजे सख्ख्या मामालाही आधी वेळ ठरवून यायला सांगणारा माणूस.

काम सांगायला सोपं. पट्ट्याची दोन्ही टोकं तासायची, फिरत्या मशीननं घासून खरखरीत करायची, दोन्हींवर सोल्यूशन (म्हणजे रबराचा गोंद) लावायचं आणि थांबायचं. थांबण्यातच सगळी मेख. ओलं असताना टोकं जुळवली तर जोड काही दिवसांतच सुटतो. फार वाळू दिलं तर धरतच नाही. म्हणून सोल्यूशन सुकत आलं की बोटाची मागची बाजू अलगद टेकवून पाहायची. बोट ओढल्यासारखं वाटलं पाहिजे, पण बोटाला काही लागून यायला नको. नेमक्या त्या क्षणी टोकावर टोक ठेवलं की झालं. मग खुशाल हत्ती लावून ओढा. हत्ती दमेल, वर घरी जाऊन अंग चेपून घेईल.

पण ते घासायचं मशीन. ते आयुष्यभर हातात धरलं की मशीन थांबल्यावरही हात थरथरत राहतात. मामाची बोटं आधी थंडीत पांढरी पडू लागली. मग त्यांना मुंग्या आल्या. मग मुंग्याही कंटाळून निघून गेल्या. एका सकाळी त्यानं ओल्या सोल्यूशनला बोट लावलं आणि त्याला काही कळलंच नाही. ओलं नाही, सुकं नाही, थंड नाही. दुसऱ्याच्या बोटानं शिवावं तसं.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. बोटं मेलेला जोडारी म्हणजे नाक गेलेला अत्तरवाला. त्याला दुकानात कोण उभं करणार? त्यानं गाल वापरायला सुरुवात केली. पट्ट्यावर ओणवं व्हायचं, जोड जवळून पाहतोय असं दाखवायचं आणि गाल टेकवायचा. गालाला अजून कळत होतं. पाहणाऱ्यांना वाटलं, मामा पट्ट्याला कान लावतो. झालं! पट्टा मामाशी बोलतो, अशी बातमी दुपारच्या डब्यापर्यंत सगळ्या विभागांत पोचली. कोणता इंजिनिअर कुठल्या खोलीत झोपा काढतो, कुणाची बदली कुठे होणार, हे पट्टा त्याला सांगतो म्हणे. भांडारातला कारकून तर पोरांच्या शपथा घेऊन सांगायचा की आपल्या सासूच्या आजाराची बातमी आपल्याआधी पट्ट्याला होती. मामानं कधी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

आता बधिरपणा काही मनगटाला विचारून थांबत नाही. तो वर सरकला असावा. बढतीची चिठ्ठी आली तेव्हा मामा "बरं" म्हणाला. धाकटा भाऊ गेल्याचा निरोप आला तेव्हाही "बरं" म्हणाला. दोन्ही वेळा आवाज तोच, मान तेवढीच हललेली.

त्याची एकुलती एक लेक हवामान कार्यालयात होती. उन्हातान्हात गच्चीवर जाऊन तापमान नोंदवायचं, हे तिचं काम. लहानपणी ती बापाशेजारी उकिडवी बसून सोल्यूशन सुकायची वाट बघायची, आणि "मी लावू बोट? मी लावू?" म्हणून जीव खायची. आता ती घरी यायची ती आकडे घेऊन.

"बाबा, यंदा पुन्हा वर गेलंय."

"बरं."

"बरं काय, बाबा? माणसं उन्हानं मरतायत. आणि तुमचे साहेब तिसरा संच उभारणार, तिसरं धुराडं. त्याचे पट्टे तुम्हीच जोडणार ना?"

"पट्टा आला की जोडायचा."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

मामानं प्रामाणिकपणे शोधून पाहिलं. किल्लीसाठी सगळे खिसे चाचपावेत तसं. वरचा पाहिला, खालचा पाहिला. नव्हतं. मग तो म्हणाला, "पाणी दे."

ती ताटावरून उठली. सकाळी कपड्यांची पिशवी घेऊन ती तिच्या शाळेतल्या, आता निवृत्त झालेल्या संगीताच्या बाईंकडे राहायला गेली. बाई आंदोलनात होत्या, किंबहुना आंदोलन बाईंच्या ओसरीवरच भरायचं. त्याच सकाळी पडवीतला सोल्यूशनचा डबाही दिसेनासा झाला. मामाला वाटलं, आपणच कुठे ठेवला असेल.

आंदोलन म्हणजे केंद्राच्या मोठ्या फाटकासमोर बसलेली शेपाचशे माणसं. खरं म्हणजे तीस-चाळीसच. पण बाई त्यांच्याकडून घोषणा सुरात म्हणून घेत, वरचा स्वर, खालचा स्वर, त्यामुळे ऐकणाऱ्याला शेपाचशे वाटत. 'धूर तुमचा, श्वास आमचा' ही घोषणा बाईंनी इतकी गोड चालीत बसवली होती की फाटकावरचा पहारेकरी ती गुणगुणत कोळशाच्या ट्रकना आत सोडायचा. ट्रक आत जात, पट्टे चालत, धुराडी ओकत. साहेब गाडीच्या काचा वर करून जात. जुनी भट्टी बंद करा, नवी उभारू नका, एवढंच मागणं होतं. पण ते ऐकायला कुणी बाहेरच येत नव्हतं.

मग एकदा त्यांनी बाजारातला गोंद आणून फाटकाला हात चिकटवले. पोलिसांनी खाण्याचं तेल आणलं आणि दोरीवरचं धुणं काढावं तसे एकेक काढून बाजूला ठेवले. बाईंनी तर जाताना तेलाबद्दल आभारही मानले; सांधे मोकळे झाले म्हणाल्या.

त्यानंतर एका सकाळी लेकीनं स्वतःचे हात चिकटवले.

मामा चहा पीत होता. बायको बाहेरून धापा टाकत आली. "अहो, ऐकलंत का? पोरगी फाटकाला चिकटलीय."

"बरं."

"बरं? माणूस आहात का उंबरठा? एक हात खांबाला, एक फाटकाला! फाटक उघडलं तर चिरून निघेल ती!"

मामानं कप खाली ठेवला. तेवढ्यात साहेबांचा माणूस दारात आला.

फाटक सरकतं होतं, लोखंडी, हत्तीएवढं. लेकीचा डावा तळवा बाजूच्या खांबावर आणि उजवा तळवा फाटकावर. मधे ती, वाळत घातलेल्या सदऱ्यासारखी. फाटक इंचभरही सरकवता येत नव्हतं. मागे ट्रकांची रांग लागली होती. गावात म्हणत होते की शेवटचा ट्रक शेजारच्या देशात उभा होता आणि त्याच्या चालकाला तिथलीच भाषा येऊ लागली होती. बाई लेकीच्या डोक्यावर छत्री धरून उभ्या होत्या. वार्ताहरांमधली एक मुलगी कॅमेरा घेऊन समोर बसली होती. तेल ओतून झालं होतं, साबण झाला होता, हवालदारानं आणलेलं रॉकेलही झालं होतं. तळवे जागचे हलले नव्हते.

साहेबांनी मामाला बाजूला घेतलं. "मामा, हे तुमच्याकडचं दिसतंय."

मामानं लांबूनच वास घेतला. "हो."

"निघेल?"

"थिनरनं निघेल. हळू काढायला लागेल."

"हळू काढलं तर कातडी राहील?"

"राहील."

"मग तुम्हीच काढा. नाहीतर ते ओढून काढणार आहेत." साहेबांनी पोलिसांकडे मान केली. "मला ते नकोय, मामा. तिच्या लहानपणी आमच्या घरी खेळलीय ती. पण भट्टीला कोळसा हवाय."

मामा थिनरची बाटली आणि चिंधी घेऊन लेकीपाशी गेला. इतक्या दिवसांनी बापलेक समोरासमोर आले होते.

"आलात?"

"बोलावलं."

"जेवलात?"

"चहा झाला. तू?"

"बाई भरवतात."

मामा वाकून खांबाकडे पाहू लागला. "दोन्हीकडे लावलंस?"

"दोन्हीकडे. लोखंड आधी घासून घेतलं."

"वाळू दिलंस?"

"बोट लावून बघितलं."

"मागची बाजू?"

"मागची बाजू, बाबा. बाईंनी लावलं दुसऱ्या हाताला, पण बोट मीच टेकवलं. नाकानं टेकवायला लागेल की काय वाटलेलं."

बाई म्हणाल्या, "माझ्या हातालाही थोडं लागलंय हो. सकाळपासून छत्री सुटत नाहीये, तेव्हा लोक म्हणतायत बाई किती प्रेमानं धरून उभ्या आहेत."

दुसऱ्या बापाला इथे राग तरी आला असता, नाहीतर छाती फुगली असती. मामानं जोड तपासला. जोड चांगला होता.

"काढू नका, बाबा."

"ते ओढतील."

"ओढू देत."

"कातडी येईल."

"येऊ दे की! एका माणसाची कातडी बघून तरी कुणी बाहेर येईल."

"मी आलोय," मामा म्हणाला. त्यानं बाटलीचं झाकण उघडलं.

डाव्या हातापासून सुरुवात केली. तळव्याच्या कडेनं थेंब थेंब थिनर सोडायचा, तो आत मुरू द्यायचा आणि बोटानं कड उचलायची. हेही सांगायला सोपं. सोल्यूशनचा थर रबरासारखा ताणतो, कातडी तेवढी ताणत नाही. हा फरक डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतो. मामानं कड उचलली. थोडं निघालं. पुन्हा थेंब सोडला, पुन्हा उचललं. करंगळी सुटली, तिच्या बाजूचं बोट सुटलं. काम बरं चाललं होतं. मामानं अंगठ्याखालचा मांसल भाग धरून ओढला आणि बाईंच्या हातची छत्री हलली.

"अहो," बाई म्हणाल्या. "अहो, मामा."

त्यानं पाहिलं. त्याच्या अंगठ्यावर लाल होतं. चिंधीवर लाल होतं. खांबावर सोल्यूशनच्या काळ्या थराला लेकीच्या तळव्याचा एक तुकडा चिकटून राहिला होता, कागदासारखा पातळ. डावा हात मोकळा झाला होता. मामाला वाटलं, रंग चुकलाय. सोल्यूशन लाल नसतं. मग त्यानं लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. तिनं खालचा ओठ दातांत धरला होता आणि ती सरळ धुराड्यांकडे बघत होती.

"सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"तुम्हाला कळेल वाटलं."

मामा उजव्या हाताकडे वळला. कडेला थेंब सोडला. बोट कडेखाली घातलं आणि थांबला. बोटाखाली काय होतं? काहीही असू शकत होतं. त्यानं दुसरं बोट घातलं. दुसऱ्यालाही पहिल्याएवढंच माहीत होतं. तेव्हा तो सवयीनं खाली वाकला आणि त्यानं लेकीच्या हातावर गाल टेकवला. गर्दीला वाटलं, बाप पोरीच्या हाताचा पापा घेतोय. बायका पदरांनी, रुमालांनी डोळे टिपू लागल्या, कॅमेरा कचकच वाजला, हवालदारानंसुद्धा टोपी काढली. गालाला मात्र तळव्याखालचं काही कळू शकत नव्हतं. एवढंच कळलं, की हात तापलाय आणि मशीनसारखा थरथरतोय.

तो सरळ उभा राहिला.

"साहेब, मला जमणार नाही."

साहेब पुढे आले. हळू आवाजात म्हणाले, "पोरीचा हात आहे म्हणून? समजतं मला."

"त्यामुळे नाही. माझ्या बोटांना कळत नाही."

"काय कळत नाही?"

"काहीच नाही. गोंद का कातडी. ओलं का सुकं."

फाटकापाशी इतकी शांतता झाली की घोषणेतला खालचा स्वर, जो बाईंच्या मते कुणालाच नीट लागत नव्हता, तोसुद्धा थांबला. साहेबांच्या तोंडावर आधी दया आली. मग दया गेली आणि हिशेब आला.

"कधीपासून, मामा?"

"झाली की दोनतीन वर्षं."

"परवाचा मोठ्या पट्ट्याचा जोड कुणी केला?"

"मीच."

"आणि चढावरच्या पट्ट्याचा? भट्टीवरच्या?"

"मीच. सगळे मीच केलेत, साहेब. दुसरा जोडारी कुठे आहे आपल्याकडे?"

वार्ताहर मुलगी लिहीत नव्हती. तिचा कॅमेरा चालूच होता, त्यात आवाजही जात होता. साहेबांनी एकदा त्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, एकदा वरच्या पट्ट्याकडे. त्या पट्ट्याखालून माणसं ये-जा करत होती. चढावरचा जोड भरल्या कोळशानिशी सुटला, तर तो कुणाची ओळख विचारत खाली येत नाही. सगळ्यांदेखत ऐकलेलं न ऐकल्यासारखं कसं करणार? त्यांनी फोन काढला.

"बंद करा," ते म्हणाले. "सगळे पट्टे. हो, सगळे. जोड तपासल्याशिवाय एक चालवायचा नाही."

मग पट्टे थांबले. आता गावाला त्या घरघरीची जन्मापासून सवय. घरघर थांबली तशी झोपलेली तान्ही मुलं दचकून रडायला लागली, आणि ठार बहिरे म्हातारे "कोण आलंय?" म्हणून दार उघडायला उठले. भट्ट्यांवर साठलेला कोळसा संपला तशी धुराडीही एकेक करून गप्प झाली. आंदोलनकर्त्यांना आधी कळेना काय करायचं. जे बंद करा म्हणून एवढे दिवस घसा फोडत होते, ते बंद झालं होतं, आणि त्यासाठी घोषणाच तयार नव्हती. शेवटी बाईंनी टाळ्या वाजवल्या, एका हातानं छत्रीवर.

केंद्राच्या दवाखान्यातली नर्स आली. तिनं लेकीला विचारत विचारत, "इथे दुखतंय? आता? आणि आता?" करत, चहाच्या चमच्याएवढा थिनर वापरून उजवा हात सोडवला. त्या हाताला ओरखडासुद्धा आला नाही. मामा बाजूला उभा राहून ते पाहत होता. पोलिस लेकीला घेऊन गेले, तेव्हा गाडीत चढताना तिनं वळून पाहिलं.

"मला माहीत होतं, बाबा."

"कशाचं?"

"बोटांचं. तुम्ही गाल लावायला लागलात तेव्हाच."

"बरं," मामा म्हणाला.

पट्टे बंद होते तेवढे दिवस गावाला एक डोंगर दिसू लागला. तो पूर्वीपासून तिथेच होता म्हणे. एका आजीबाईंनी तक्रार नोंदवली की कुणीतरी न विचारता आपल्या खिडकीसमोर डोंगर आणून ठेवलाय. मांजरी एकमेकींकडे बघून लाजू लागल्या. बाहेरून आलेल्या तपासनिसांनी मामाचा एकेक जोड ठोकून, ताणून, उलगडून पाहिला. एकही कच्चा निघाला नाही. हे कसं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मामा म्हणाला, "गालानं." तपासनिसांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तो शब्द अहवालात घातला नाही. भांडारातला कारकून म्हणाला, त्यात काय, पट्ट्यानंच सांगितलं असणार.

मग पट्टे पुन्हा चालू झाले. मुलं झोपली, म्हातारे बसले, डोंगर गेला. तिसऱ्या संचाची बैठक वरच्यांनी पुढे ढकलली; रद्द केली नाही, पुढे ढकलली. बाईंची माणसं पुन्हा फाटकासमोर बसली, नव्या चालीसह. जोड घालायला बाहेरून एक जोडारी आला, दहाही बोटं जिवंत असलेला. मामाला भांडारात कारकुनाशेजारी एक स्टूल मिळालं. दिवसभर तिथे बसून तो नटबोल्टांच्या पेट्यांकडे बघायचा. कारकून सासूच्या गोष्टी सांगायचा. मामा "बरं" म्हणायचा.

लेक सुटून आधी बाईंकडेच गेली, आणि हाताची पट्टी निघाल्यावर एका संध्याकाळी घरी आली. राहायला आलेय की भेटायला, हे तिनं सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. ती बापासमोर बसली. डाव्या तळव्यावर नवी कातडी आली होती, गुळगुळीत, गुलाबी, रेषा नसलेली.

"दुखतं?" मामानं विचारलं.

"नाही. काहीच कळत नाही तिथे. नर्स म्हणाली, येईल कदाचित. नाही येणार कदाचित."

आईनं दोघांपुढे चहाचे कप ठेवले. मामानं सवयीनं कपाला हात लावला आणि तसाच थांबला. हल्ली तो दोनदा तोंड भाजून बसला होता. लेकीच्या ते लक्षात आलं. तिनं त्याच्या कपाला आपला डावा तळवा लावला. बराच वेळ लावून ठेवला. दिवसभर उन्हाचे आकडे टिपणारी ती. कपाळाला आठ्या घालून वाट बघत राहिली.

"गरम आहे?" मामानं विचारलं.

"माहीत नाही."

दोघंही कपाकडे बघत बसले. बाहेर पट्ट्यांची घरघर चालू होती. शेवटी आई पदराला हात पुसत आली, तिनं दोन्ही कपांना बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

"थांबा," ती म्हणाली. "दोघंही थांबा."

ते थांबले.